देशात डोळ्यांची किती ऑपरेशनं होऊ शकतात? आणि हा प्रश्न तरी बरोबर आहे का?

तालुक्याचा_माणूस (धागाकर्ता)

नेत्रदानाच्या धाग्यावर परवा कुणीतरी विचारलं, "मोतीबिंदूच्या ऑपरेशनांत आपण एवढे पुढे, मग अजून इतक्या लोकांना दिसत का नाही?" प्रश्न चांगला होता. पुढच्या चार प्रतिसादांत गाडी राजकारणावर गेली, म्हणून हा वेगळा धागा काढतोय. कृपया पक्ष आणि नेते बाहेर ठेवा.

मी डॉक्टर नाही. आरोग्याच्या आकडेवारीवर काम करतो, त्यामुळे मला पडणारे प्रश्न मोजणीचे असतात. एखाद्या देशाच्या रुग्णालयांची डोळ्यांवर उपचार करायची क्षमता किती, हे ठरवायचं कसं? खाटा मोजायच्या, डॉक्टर मोजायचे, की ऑपरेशनं?

आधी जे मोजलं गेलंय ते सांगतो. एम्सच्या डॉ. राजेंद्र प्रसाद नेत्र केंद्राने मागच्या काही वर्षांत देशभरातल्या डोळ्यांच्या रुग्णालयांची पाहणी केली. साडेआठ हजारांहून जास्त संस्थांना विचारणा झाली, त्यातल्या ७,९०० च्या आसपास संस्थांनी माहिती दिली. दहातल्या सात खाजगी. सरकारी साधारण १४ टक्के, स्वयंसेवी त्याहून किंचित जास्त. नेत्रतज्ज्ञ सुमारे २१ हजार, ऑप्टोमेट्रिस्ट (नजर तपासून चष्म्याचा नंबर काढणारे) १८ हजारांच्या आत. चोवीस तास तातडीची सेवा ४० टक्के ठिकाणी. नेत्रपेढी सहा टक्क्यांहूनही कमी ठिकाणी.

२१ हजार म्हणजे दर दहा लाख लोकांमागे पंधरा नेत्रतज्ज्ञ. पेपरवाले इथेच थांबतात आणि 'डॉक्टरांचा तुटवडा' असा मथळा देतात. मला मात्र १८ हजारांचा आकडा जास्त खटकतो. नंबर काढणं, डोळ्याचा दाब बघणं, भिंगाची पॉवर काढायला डोळ्याची लांबी मोजणं, ऑपरेशननंतर तपासणं, ही कामं खरं तर डॉक्टरांनी करायची नसतात. ती करणारी माणसं डॉक्टरांच्या कितीतरी पट हवीत. आपल्याकडे ती डॉक्टरांपेक्षाही कमी आहेत. मग सर्जन सकाळभर नंबर काढत बसतो.

याच्या उलट टोक मदुराईला आहे. अरविंद नेत्र रुग्णालय, १९७६ साली डॉ. जी. वेंकटस्वामी यांनी निवृत्तीनंतर अकरा खाटांवर सुरू केलं. तिथे सर्जन दोन टेबलांच्या मध्ये बसतो. एका पेशंटचं संपलं की मायक्रोस्कोप फिरवून दुसऱ्या टेबलावर, तिथला पेशंट तयारच असतो. तयारी करणाऱ्या मुली आसपासच्या खेड्यांतल्या, दोन वर्षं प्रशिक्षण घेतलेल्या. असा एक सर्जन वर्षाला दोन हजारांच्या घरात ऑपरेशनं करतो. देशाची सरासरी काढायची तर २०२२-२३ मध्ये ८० लाखांवर मोतीबिंदू ऑपरेशनं झाली, ती २१ हजारांत वाटली की माणशी चारशेही भरत नाहीत. (सगळे नेत्रतज्ज्ञ ऑपरेशन करत नाहीत हे मान्य. तरीही.) दोन्हीकडे डॉक्टर तेवढाच शिकलेला. मग क्षमता नेमकी कुणाची मोजायची?

तुमच्या जिल्ह्यातलं चित्र सांगा. ऐकीव नको, पाहिलेलं सांगा.

---

ओपीडी_टोकन

आमच्याकडच्या एका सरकारी रुग्णालयात फेको मशीन (ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून बारीक छेदातून काढणारं) आहे. फोटो काढून बातमीही आली होती. मशीन प्लास्टिकच्या कव्हरखाली. चौकशी केली तर म्हणे टिप आणि कॅसेट संपल्यात, मागणी पाठवलीय. घरात मिक्सर आहे, भांडं नाही, असला प्रकार. पाहणीच्या फॉर्ममध्ये मात्र 'फेको उपलब्ध: होय' असंच जाणार ना?

---

तालुक्याचा_माणूस

@ओपीडी_टोकन, हो, असंच जातं. म्हणून चांगल्या पाहणीत 'आहे का' याच्याऐवजी 'गेल्या महिन्यात यावर किती केसेस झाल्या' असं विचारतात. जागतिक आरोग्य संघटनेने देशांसाठी नेत्रसेवेच्या मूल्यमापनाची साधनं केली आहेत. त्यात नुसत्या यंत्रांची यादी नसते. पैसा कुठून येतो, माणसं कुठे नेमलीत, नोंदी कोण ठेवतं, खालून वर पेशंट कसा पाठवला जातो, सगळं विचारलेलं असतं. पण फॉर्म भरणारा खुर्चीत बसून भरणार असेल तर फॉर्म कितीही चांगला असला तरी काय उपयोग.

---

निवृत्त_नेत्रसहायक

नमस्कार मंडळी. तीन जिल्ह्यांत नोकरी झाली, शेवटी नेत्र चिकित्सा अधिकारी म्हणून सुटलो. धागा वाचून राहवलं नाही.

मी लागलो तेव्हा शिबिरं शाळेत, धर्मशाळेत व्हायची. वर्गातले बाक जोडून टेबल करायचं. मोतीबिंदू काढला जायचा, पण आत भिंग बसत नव्हतं. पेशंटला +१० चा जाड चष्मा मिळायचा. त्या चष्म्यातून भाकरी ताटाबाहेर दिसते आणि पायरी असते तिथे दिसत नाही. चष्मा फुटला की माणूस परत आंधळा. पण कागदावर ऑपरेशन यशस्वी!

१९९४ मध्ये जागतिक बँकेच्या मदतीचा मोतीबिंदू प्रकल्प आला. सात राज्यं होती, त्यात महाराष्ट्र होता. तिथून चित्र बदललं. डॉक्टरांना भिंग बसवायचं प्रशिक्षण, मायक्रोस्कोप, जिल्ह्याला नेत्र विभागाचं ऑपरेशन थिएटर. त्याच सुमारास मदुराईच्या ऑरोलॅबने भिंग इथेच बनवायला सुरुवात केली होती, त्यामुळे परदेशी भिंगाच्या किमतीचा बाऊ संपला. हळूहळू उघड्यावरची ऑपरेशनं बंद झाली. आता शिबिरात फक्त तपासायचं, ऑपरेशन रुग्णालयातच. हा बदल फार मोठा आहे, तो कुणी मोजत नाही.

आता तक्रार. आमचं सगळं वर्ष टार्गेटवर चालायचं. जून ते सप्टेंबर थिएटर ओस. शेतीची कामं, पाऊस, त्यात 'पावसाळ्यात डोळा पिकतो' हा समज. दिवाळीनंतर गर्दी सुरू. थंडीतच ऑपरेशन करायचं हे आमच्या म्हाताऱ्यांच्या डोक्यातून काढता आलं नाही. आणि फेब्रुवारी-मार्चला तर नुसती पळापळ. त्यामुळे 'या रुग्णालयाची क्षमता वर्षाला अमुक' म्हणताना कुठल्या महिन्याची क्षमता, हे विचारा. जानेवारीत खाट मिळत नाही, जुलैत तीच खाट रिकामी.

आणि रजिस्टर. ऑपरेशनचा रकाना भरलेला असतो, कारण अनुदान आणि टार्गेट त्यावर. सहा आठवड्यांनंतरच्या नजरेचा रकाना बघा. एका ठिकाणी पान उलटलं तर वरपासून खालपर्यंत एकाच हस्ताक्षरात, एकाच शाईत ६/१२, ६/१२, ६/१२ (म्हणजे निरोगी डोळ्याला बारा मीटरवरून दिसतं ते सहा मीटरवरून दिसणं). जागेचं नाव घेत नाही. पण सगळ्या गावाला सारखंच दिसायला लागलं असेल यावर माझा विश्वास नाही.

---

सारिपाट

काका, _/\_ . असं लिहिणारे लोक या साइटवर अजून आहेत म्हणून येतो इथे.

---

डॉ_वऱ्हाडी

नेत्रसहायक साहेबांनी दुखऱ्या नसेवर बोट ठेवलंय. मी ऑपरेशन करणारा, तर थिएटरच्या आतलं सांगतो.

फेको बंद आहे म्हणजे क्षमता नाही, असं मात्र समजू नका. बिनटाक्याचं छोट्या छेदाचं ऑपरेशन (आम्ही एसआयसीएस म्हणतो) फेकोशिवाय होतं. सहा-सात मिलिमीटरचा बोगदा करून अख्खं केंद्रक (मोतीबिंदूचा घट्ट गाभा) बाहेर काढायचं. खेड्यातून येणारा मोतीबिंदू पूर्ण पिकलेला, तपकिरी, दगडासारखा असतो. तिथे सरावलेल्या हाताला हीच पद्धत सोयीची आणि स्वस्त. नेपाळ आणि दक्षिण भारताने लाखो ऑपरेशनं अशीच केलीत.

माझी यादी कधीच मशीनमुळे अडली नाही. अडली ती अशी: थिएटरची प्रशिक्षित सिस्टर प्रसूती वॉर्डला लावली. ए-स्कॅन बिघडलं, म्हणजे डोळ्याची लांबी मोजता येत नाही, मग सगळ्यांना अंदाजाने एकाच पॉवरचं भिंग घालायचं की यादी रद्द करायची? मी रद्द करतो. त्या महिन्याचा आकडा घसरतो, मीटिंगमध्ये बोलणी मीच खातो. ऑटोक्लेव्हची (अवजारं वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्राची) नोंद नीट नसेल तरीही थांबवतो. दहा डोळ्यांत एकाच दिवशी जंतुसंसर्ग झाला तर पुढे दोन वर्षं त्या तालुक्यातून कुणी ऑपरेशनला येत नाही. मग खुशाल म्हणा क्षमता आहे म्हणून.

मूल्यमापन करणाऱ्याने माझ्याकडे येऊन तीन गोष्टी बघाव्यात: ऑटोक्लेव्हचं रजिस्टर, बायोमेट्रीचं (डोळ्याची लांबी मोजणारं) यंत्र चालू आहे की नाही, आणि थिएटरची सिस्टर तिथे किती वर्षं टिकली. बाकी रंगरंगोटी सोडून द्या.

---

अडाणी_अर्थशास्त्री

सगळं वाचलं. पण एक उलट मुद्दा. आकड्यांना एवढं झोडपू नका. टार्गेट होतं म्हणून तर ऑपरेशनं वाढली. १९७६ पासून राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम आहे, मोजत राहिले म्हणून अंधत्वाचं प्रमाण खाली आलं. २००६-०७ ला एक टक्का होतं, ताज्या सर्वेक्षणात ०.३६ टक्के. याला यश नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

---

तालुक्याचा_माणूस

@अडाणी_अर्थशास्त्री, यश आहेच. पण ही तुलना अशी करू नका. आपल्याकडे आधी ६/६० च्या खालची नजर म्हणजे अंधत्व धरायचे. २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय पद्धतीप्रमाणे ३/६० केलं. म्हणजे सहा मीटरवरून मोठं अक्षर न दिसणारा, पण तीन मीटरवरून दिसणारा माणूस एका परिपत्रकाने अंधांच्या यादीतून बाहेर पडला. प्रमाण खाली आलंच आहे, पण एक टक्का ते ०.३६ एवढी उडी दाखवू नये.

टार्गेटबद्दल सहमत, अर्धंच. नेहमीचं माप आहे दर दहा लाख लोकसंख्येमागे वर्षाला किती मोतीबिंदू ऑपरेशनं झाली. मोजायला सोपं, म्हणून सगळे तेच मोजतात. पण ते डोळे मोजतं, माणसं नाही. समजा २५ लाखांच्या जिल्ह्यात वर्षाला १५ हजार ऑपरेशनं झाली. दर दहा लाखांमागे सहा हजार, उत्तम आकडा. आता यातली निम्मी जिल्ह्याच्या शहरात झाली, ६/१२ दिसणाऱ्यांची, गाडी चालवताना त्रास होतो म्हणून, वर दुसऱ्या डोळ्याचीही. त्यात चूक काही नाही. पण डोंगराकडच्या तालुक्यातली दोन्ही डोळ्यांनी न दिसणारी बाई यात कुठेच नाही, आणि आकडा तिच्याशिवायही उत्तमच दिसतो.

म्हणून दुसरं माप: ज्यांना ऑपरेशनची गरज होती किंवा आहे, त्यांपैकी किती जणांचं झालं. आणि त्यावरचं तिसरं: किती जणांचं होऊन त्यांना चांगलं दिसतंय. जागतिक आरोग्य सभेने २०२१ मध्ये हेच तिसरं माप धरलं आणि २०३० पर्यंत ते ३० टक्के-बिंदूंनी वाढवायचं ठरवलं. ते रुग्णालयात बसून काढताच येत नाही. गावोगाव जाऊन पन्नाशीपुढच्या लोकांचे डोळे तपासावे लागतात, त्यात ऑपरेशन झालेले आणि न झालेले दोन्ही सापडतात.

२०१५-१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात हेच केलं. पन्नाशीपुढच्या अंधांमध्ये ६६.२ टक्के मोतीबिंदूमुळे. आणि हे नीट वाचा: ७.२ टक्के मोतीबिंदूच्या ऑपरेशनातल्या गुंतागुंतीमुळे. काचबिंदूपेक्षा हा वाटा मोठा आहे. ही माणसं आपल्या कुठल्यातरी वर्षीच्या 'झालेल्या ऑपरेशनांत' मोजलेली आहेत.

---

मी_नाही_त्यातली

बायकांचा आकडा वेगळा आहे का त्यात?

---

तालुक्याचा_माणूस

@मी_नाही_त्यातली, आहे. पन्नाशीपुढच्या बायकांत अंधत्व २.३१ टक्के, पुरुषांत १.६७. शिक्षणाप्रमाणे तर दरी फारच मोठी आहे: निरक्षरांत ३.२३, दहावी आणि पुढे शिकलेल्यांत ०.४३. ऑपरेशन का नाही केलं याची कारणं विचारली होती. पैसा आहेच, पण 'सोबत यायला कोणी नाही' आणि 'गरज वाटली नाही' ही दोन कारणंही वरच आहेत.

---

मी_नाही_त्यातली

'गरज वाटली नाही' हे तिने सांगितलं की तिच्या वतीने मुलाने सांगितलं, हे पण एकदा मोजा. आमच्याकडे आजेसासूबाई चुलीवरचं दूध उतू गेल्याचं वासावरून ओळखायच्या. सगळे कौतुक करायचे. डोळे दाखवायला कुणी नेलं नाही. सोबतीला एक माणूस म्हणजे एका माणसाची दोन दिवसांची मजुरी. रुग्णालयाची गाडी गावात येऊन नेते-आणते तिथे बायका जातात, हे मी स्वतः पाहिलंय. माझ्या मते गाडी आणि ड्रायव्हर हीसुद्धा रुग्णालयाची क्षमताच. ती कुठल्या रकान्यात येते?

---

निवृत्त_नेत्रसहायक

ताई, 'इंधन खर्च' या रकान्यात येते आणि तोच सगळ्यात आधी कापला जातो.

---

यॉर्कशायरची_मावशी

इकडचं थोडं सांगते, म्हणजे पैसा असला की सगळं सुटतं असं वाटायला नको. मी इंग्लंडमध्ये ऑप्टोमेट्रिस्ट आहे. इथल्या सरकारी सेवेत बाह्यरुग्णांची सगळ्यात जास्त गर्दी डोळ्यांच्या विभागात. नेत्रतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने २०२२ मध्ये गणना केली, तर तीन चतुर्थांश विभाग म्हणाले आमच्याकडे पुरेसे कन्सल्टंट नाहीत.

मोतीबिंदूची रांग कमी करायला सरकारने खाजगी केंद्रांना कामं दिली. आता इंग्लंडमध्ये सरकारी खर्चाने होणाऱ्या मोतीबिंदू ऑपरेशनांपैकी निम्म्याहून जास्त तिथे होतात. रांग आटली, माझे पेशंट खूष. पण सोप्या केसेस तिकडे गेल्यामुळे शिकाऊ डॉक्टरांनी हात कुणावर बसवायचा? आणि काचबिंदू, मधुमेहाने खराब होणारा डोळ्याचा पडदा, डोळ्यातली इंजेक्शनं हे सगळं सरकारी विभागातच राहिलं. त्यात एकदा ऑपरेशन करून मोकळं होता येत नाही, पेशंट जन्मभर येत राहतो. काचबिंदूच्या तपासणीची तारीख पुढे ढकलली गेली तर गेलेली नजर परत येत नाही. मोतीबिंदू थांबू शकतो, काचबिंदू नाही, आणि क्षमता वाढवली ती नेमकी थांबू शकणाऱ्याची. तुमच्याकडेही हेच होणार, बघा.

---

डॉ_वऱ्हाडी

@यॉर्कशायरची_मावशी, होणार नाही, झालंय. मधुमेह असलेल्या पन्नाशीपुढच्या लोकांपैकी १६.९ टक्क्यांच्या पडद्यावर परिणाम दिसतो, असं राष्ट्रीय पाहणी सांगते. माझ्या जिल्ह्यात पडद्याचं लेसर करणारा सरकारी डॉक्टर नाही. मी पडदा बघून चिठ्ठी लिहितो, 'नागपूरला दाखवा'. किती जातात याची नोंद नाही. चिठ्ठी लिहिली की माझ्याकडून केस बंद.

---

बाळाचे_बाबा

मुलांचा विषय अजून निघाला नाही म्हणून लिहितोय. आमचं बाळ एकतिसाव्या आठवड्यात झालं. नवजात कक्ष चांगला होता, बाळ वाचलं, त्याबद्दल त्या लोकांचे उपकार. पण डिस्चार्जच्या वेळी पडदा तपासायला कुणीही सांगितलं नाही. डॉक्टर असलेल्या मावसबहिणीने फोनवर विचारलं म्हणून पळालो. चौतीस आठवड्यांआधी किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाचं बाळ असेल तर जन्मानंतर तीस दिवसांच्या आत पडदा बघायलाच हवा, हे तेव्हा कळलं. वेळेत लेसर झालं, आता शाळेत पहिल्या बाकावर बसतो, पण दिसतं.

माझा प्रश्न: नवजात कक्ष वाढवले ते बालआरोग्याच्या खात्यात मोजले, नेत्रतज्ज्ञ दुसऱ्या खात्यात. मधलं मूल कुणाच्या आकड्यात?

---

सारिपाट

@बाळाचे_बाबा, बाळ बरं आहे हे वाचून हुश्श झालं.

---

अडाणी_अर्थशास्त्री

ठीक, पटतंय. तरी सांगतो, रोगांच्या यादीतून काही गोष्टी खरंच पुसल्या गेल्यात. खुपऱ्या (पापण्यांच्या आत होणारा संसर्ग, ट्रॅकोमा) हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न राहिला नाही असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये भारताबद्दल जाहीर केलं. माझ्या आजीच्या पापण्या त्यानेच आत वळल्या होत्या. तेही कुणीतरी गावोगाव पापण्या उलटून बघितल्या म्हणून शक्य झालं.

बरं, आता नुसतं बोलत बसायचं की काही करायचं? आपण सामान्य लोक आपापल्या जिल्ह्याचं काय मोजू शकतो?

---

तालुक्याचा_माणूस

गावोगाव डोळे तपासणं आपल्याला शक्य नाही. पण जिल्हा रुग्णालयाला माहितीच्या अधिकारात विचारता येईल. माझा कच्चा मसुदा: मागच्या आर्थिक वर्षात महिन्यानुसार किती मोतीबिंदू ऑपरेशनं झाली, त्यात पहिला डोळा किती, दुसरा किती, बायका किती, पेशंट कुठल्या तालुक्यातले, सहा आठवड्यांनी किती जण तपासणीला आले आणि त्यांची नजर किती, ए-स्कॅन आणि ऑटोक्लेव्ह किती दिवस बंद होते, नेत्र विभागातली मंजूर पदं किती, भरलेली किती, आणि भरलेल्यांपैकी दुसऱ्या कामावर किती, नवजात कक्षातून पडदा तपासणीला पाठवलेली बाळं किती.

---

निवृत्त_नेत्रसहायक

मसुदा चांगला आहे, पण 'नजर किती' असं विचारलंत तर 'समाधानकारक' एवढाच शब्द येईल. ६/१८ किंवा त्याहून चांगली किती, ६/६० पेक्षा कमी किती, असे रकाने तुम्हीच पाडून द्या. 'कारणे द्या' असलं काही विचारू नका, त्यावर अर्ज फेटाळतात. नोंदींच्या प्रती मागा. आणि उत्तर जून-जुलैत मागा, तेव्हा विभागात वेळ असतो. मार्चमध्ये विचाराल तर कुणीच बघणार नाही.

---

डॉ_वऱ्हाडी

आणि अर्जात नेत्रतज्ज्ञाचं नाव घालू नका. माझ्यासारखा एखादा बिचारा विनाकारण चौकशीत अडकायचा.

---

मी_नाही_त्यातली

माझा एक रकाना वाढवा: पेशंट स्वतःच्या खर्चाने आले की रुग्णालयाच्या गाडीने. सांगलीकडून मी अर्ज टाकते.

---

ओपीडी_टोकन

नांदेडचा मी बघतो. फी दहा रुपये, कोर्ट फी स्टॅम्प लावला तरी चालतो. मसुदा फायनल झाला की इथेच डकवा, प्रत्येकाने वेगळा लिहिला तर उत्तरं जुळणार नाहीत.